किती वेळा धुतलंस?

१८ जून

खारू,

तुझा राखाडी स्वेटर, कानटोपी आणि दाताच्या डॉक्टरांची फाईल वेगळ्या खोक्यातून पाठवली आहे. हे पत्र त्याच खोक्यात टाकता आलं असतं, पण मग स्वेटर काढून घेतला आणि पत्र तळाशी राहून गेलं, असं तुला म्हणता आलं असतं. तू फोन उचलत नाहीस. संदेश पाठवला तर उत्तरादाखल अंगठा येतो. अंगठ्याला काय उत्तर द्यायचं ते मला कळत नाही, म्हणून हा कागद.

मी रागावलेली नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण तू माझा आवाज लावून वाचशील आणि तो तुला चढलेला वाटेल. पीएचडी कुठे करायची हा तुझा प्रश्न आहे. फक्त बातमी मला आमच्या ऑफिसातल्या कारकुनाकडून कळली. ते म्हणाले, "मॅडम, अभिनंदन, मुलगी वडिलांच्या हाताखाली गेली म्हणे." मी म्हटलं, हो ना, मीच पाठवलं. तेव्हा कोणी विचारलं तर मीच पाठवलंय, हे लक्षात असू दे.

तुझ्या बाबांची प्रयोगशाळा चांगलीच आहे. उपकरणं माझ्यापेक्षा नवी, खिडक्या मोठ्या, आणि आमच्यासारखा दुपारी नळ कोरडा पडत नाही. विषय मात्र माझा आहे. आमचं लग्न टिकून होतं तेव्हा त्यांना या विषयात नुसता फेस दिसायचा. "दिवसभर फेस बघत बसतेस," म्हणायचे. आता त्याच फेसात त्यांना भविष्य दिसतं, आणि त्या भविष्यात माझी मुलगी. असो.

तू पाचवीत असताना मी तुला सांगितलं होतं, की माझ्याकडे डोळ्याला न दिसणारे स्पंज आहेत. थंड पाण्यात फुगतात, पाणी कोमट केलं की पोटातलं पाणी टाकून आकसतात. तू विचारलं होतंस, "त्यांना कोण सांगतं?" त्या दिवशी मी ते सगळ्या विभागाला सांगत सुटले होते. तो प्रश्न तू मला विचारला होतास, बाबांना नाही.

पोचल्याचं कळव. अंगठ्याने नको.

आई


९ जुलै

खारू,

तुझं अर्ध्या पानाचं पत्र मिळालं. अर्धं पान म्हणजे वरची तारीख आणि खालची सही धरून. तरी तीनदा वाचलं.

तू लिहितेस की काही जेल, म्हणजे आपले ते स्पंज, साधी ठेवणार, काहींच्या पोटात चांदीचे बारीक कण वाढवणार, आणि मग दोन्ही पाण्यात सोडून लटकत्या थेंबावर मोजणार. मोज. सुईच्या टोकाला लटकलेला थेंब बघण्यात माझा जन्म गेला. स्पंज आतून वर येतात, पाण्याच्या वरच्या कातडीवर जाऊन पसरतात, कातडी सैल पडते आणि गोल थेंब हळूहळू लांबुळका होत जातो. कॅमेऱ्यात ते बघताना मला अजून कंटाळा येत नाही. पण चांदीने काही फरक पडेल अशी आशा धरू नकोस. हवेची गाठ बाहेरच्या थराशी पडते. आत चांदी आहे की आणखी काही, याची पृष्ठभागाला खबर नसते. हे मी छापून बरीच वर्षं झाली. तुझे बाबाही ते भाषणांत वापरतात, माझं नाव न घेता.

एक सांगते, पटलं तर घे. धुण्याचा कंटाळा करू नकोस. जेल ज्या साखळ्यांचं विणलं जातं त्यांचे जे सुटे सुटे तुकडे पाण्यात उरतात, ते स्पंजांच्या आधी पळत कातडीवर जाऊन बसतात आणि आपल्याला वाटतं स्पंजांनीच काम केलं. धुतलेलं पाणीच थेंबावर लावून बघ. ते साध्या पाण्यासारखं वागलं तरच समज की जेल स्वच्छ झालं. तुझ्या बाबांना हे धुणं कधी जमलं नाही. त्यांचे चहाचे कपही मीच पुन्हा विसळायची.

आता दुसरी गोष्ट. पत्रात तू लिहिलंयस, "मावशीने दुपारचा डबा दिला." मला बहीण नाही. मावशी म्हणजे आईची बहीण, म्हणजे तो शब्द माझ्या बाजूचा आहे. माझ्या बाजूचा शब्द उचलून बाबांच्या दुसऱ्या बायकोला देऊ नकोस. काकू म्हण, ते तुझ्या बाबांच्या खात्यातलं आहे. मला काही फरक पडत नाही, शब्द चुकीचा आहे म्हणून सांगितलं.

त्या तुला पोहायलाही शिकवतात असं तू खाली, सहीच्या आधी, कोपऱ्यात लिहिलंयस. शिकवणारच, तो त्यांचा धंदाच आहे. पण तुझ्या डाव्या कानाचं त्यांना सांगितलंस का? आठ वर्षांची असताना कान फुटला होता तेव्हा तो कान घेऊन माझ्या मांडीवर कोण रडत होतं, तेही सांग.

आई


२७ ऑगस्ट

खारू,

तुझं अपेंडिक्स काढलं, टाके निघाले, तू घरी आलीस, आणि मग मला कळलं.

तुझं म्हणणं, मला काळजी वाटली असती. वाटली असतीच. काळजी वाटणं हे माझं काम आहे. ते दुसऱ्या कोणाला देऊन टाकायचं असेल तर निदान विचारायचं तरी.

तू सगळं गमतीने लिहिलंयस. पोटात कळ आली तेव्हा तू तलावावरच होतीस, त्यांनी ओल्या अंगानेच तुला गाडीत घातलं, दवाखान्यात त्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि तिथली नर्स म्हणाली, "तुमच्या आईंना टॉवेल देऊ का?" आणि तू हसलीस. पत्रात इथे उद्गारचिन्ह आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. नर्सने "तुमच्या आईंना" म्हटल्यावर तू काय म्हणालीस, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे काहीच म्हणाली नाहीस. टॉवेल घेतला असणार.

मी त्या बाईंविरुद्ध काही बोलत नाही. त्या रात्रभर स्टुलावर बसल्या, त्यांनी तुझे केस विंचरले, तुला वाफेवरचं मऊ काहीतरी करून घातलं, सगळं मान्य. मला फक्त हे समजत नाही की तुझे केस विंचरायला काय झालं होतं. ऑपरेशन पोटाचं होतं.

तुझ्या बाबांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "अगं, सगळं इतकं व्यवस्थित झालं की तुला कशाला त्रास द्यायचा?" लग्न मोडलं त्या वर्षीही ते असंच म्हणाले होते, सगळं व्यवस्थित चाललंय. त्यांची व्यवस्था ही अशी असते, तिच्यात मी नसते.

जड उचलू नकोस. पोहायला जाऊ नकोस. नोव्हेंबरच्या परिषदेत तुझं भाषण आहे हे मला छापील कार्यक्रमपत्रिकेतून कळलं. मीही येणार आहे. मला बोलावणं आहे, मी तुझ्यासाठी येत नाही.

आई


१४ नोव्हेंबर

खारू,

तू व्यासपीठावरून बघत होतीस, मी पाचव्या रांगेतून. त्यामुळे माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही. वाचायचं नसेल तर फाडून टाक, पण आधी वाच.

तू निळा शर्ट घातला होतास. तो मी घेतलेला नव्हता. सुरुवात तू फार छान केलीस. "डोळ्याला न दिसणारे स्पंज," असं म्हणालीस आणि माझ्या शेजारचे म्हातारे प्राध्यापक कानातलं यंत्र नीट करून पुढे झुकले. मला सांगावंसं वाटलं, हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. मग तू थेंबांची चित्रं दाखवलीस. साधं जेल भराभर कातडीवर पसरतं, चांदीचं जेल रेंगाळतं, आणि तू म्हणालीस, यावरून दिसतं की आत काय आहे ते पृष्ठभागाला कळतं. सरळ माझ्या तोंडावर. तरी मी गप्प होते. खरंच सांगते, मी प्रश्न विचारायचं ठरवून आलेले नव्हते.

मग शेवटचं चित्र आलं. आभार. बाबांचं नाव मोठ्या अक्षरात, सहकाऱ्यांची नावं, आणि खाली, "आणि मावशी, जिच्यामुळे मी पाण्याला घाबरत नाही." लोक हसले. कोणीतरी टाळीही वाजवली. माझं नाव आधीच्या चित्रात तळाला होतं, संदर्भ म्हणून, मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात, ज्याचं म्हणणं तू खोडलंस तो संदर्भ.

माझा हात वर गेला.

मी विचारलं, "साधं जेल किती वेळा धुतलं?"

तू म्हणालीस, "तीनदा."

"आणि चांदीचं?"

तुझी नजर परत चित्राकडे गेली. तिथेच तुझ्या लक्षात आलं, मला दिसलं. "चांदीचं सहा वेळा. जादा क्षार काढावे लागतात."

"म्हणजे एक आंघोळ करून आलेलं आणि एक नुसतं तोंड धुऊन," मी म्हणाले, "आणि तुम्ही दोघांची शर्यत लावलीत."

सभागृह हसलं. तू माईकवर हात ठेवून उभी राहिलीस. तुझे बाबा पहिल्या रांगेत होते, त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. मी तुला तुम्ही म्हटलं कारण सभेत तसंच बोलतात.

प्रश्न बरोबर होता. हे मी आजही म्हणते. कोणीही विचारायला हवा होता, आणि मी तुला तो जुलैतच लिहून कळवला होता. पण बोलणं संपल्यावर खाली बसताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता निदान तू माझ्याकडे बघितलंस.

मी तुला शोधायला बाहेर आले. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारात तुझ्या बाबांबरोबर आलेल्या त्या बाई उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून. सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज असतो म्हणे, पण माझ्याशी त्या हळू बोलल्या. "आत्ता नको," एवढंच. आत नळ चालू होता. नळाच्या आवाजात रडायची तुझी जुनी सवय. ती त्यांनाही माहीत झाली आहे.

माझ्या मुलीच्या आणि माझ्या मध्ये दार अडवून उभं राहायचं, आणि वर तेही इतक्या सौम्यपणे. मी चहा न घेता निघून आले.

आई


३ डिसेंबर

खारू,

हे पत्र उत्तराची वाट बघून लिहितेय असं नाही.

परिषदेत माझ्या शेजारी बसलेल्या त्या प्राध्यापकांनी मला कळवलं की तू सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून करते आहेस. मला तुझ्या बातम्या आता अशा तिसऱ्याच माणसांकडून मिळतात. पुन्हा करते आहेस ते उत्तम. पण जेवतेस का? हे विचारायला मला कोणी तिसरा माणूस सापडत नाही, आणि जिला नक्की माहीत असेल तिला मी विचारणार नाही.

इथे तुझ्या खोलीत मी काही बदललेलं नाही. फक्त खिडकीला पडदा नवा लावला. तुला आवडणार नाही, पण तू नसल्यामुळे चालून गेला.

आई


१९ जानेवारी

खारू,

काल त्या आल्या होत्या. इथे, माझ्या घरी. न कळवता.

दार उघडलं तर हातात भाजीची पिशवी धरावी तशी एक कापडी पिशवी, आणि पिशवीत पाण्याचा थर्मास. मला वाटलं तुला काही झालं. माझा चेहरा बघून आधी त्याच म्हणाल्या, "ती ठीक आहे. मी हे द्यायला आलेय."

थर्मासात फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या होत्या, चांदीच्या जेलच्या बाटल्यांना उजेड लागू नये म्हणून वरून चंदेरी कागद, आणि नोंदींच्या कागदांचं वेगळं एक पुडकं, त्यावर तुझ्या अक्षरात माझ्या प्रयोगशाळेचा पत्ता. त्या म्हणाल्या, तू ते बांधून ठेवलंस आणि आठवडाभर टेबलावर तसंच ठेवलंस. सकाळी पिशवीत घालायचीस, संध्याकाळी परत काढून ठेवायचीस. "मी म्हटलं, हिच्याने हे पाठवणं व्हायचं नाही. म्हणून उचललं आणि बसमध्ये बसले. तिला आता कळलं असेल. ओरडेल."

मी त्यांना बसा म्हटलं. म्हणायलाच लागतं. चहा टाकला.

बसमध्ये शेजारच्या माणसाने थर्मासात काय आहे विचारलं. त्या म्हणाल्या, जेल आहे. त्याला वाटलं यांचं कोणीतरी तुरुंगात आहे आणि त्याला चहा घेऊन चालल्यात. बिचारा धीर देत राहिला, सुटतील म्हणाला, माझा मेहुणाही सुटला. मला हसायचं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की वाटेत त्यांनी एक बाटली काढून बघितली. उन्हात हातात धरली तर आतलं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. "मी मेलेच. म्हटलं, हिची महिन्यांची मेहनत मी नासवली. पुढच्या थांब्यावर उतरून नळाखाली धरली, आणि ते परत निवळलं. एकदम. जसं काही झालंच नव्हतं." हे सांगताना त्यांचे डोळे असे मोठे झाले होते. पहिल्यांदा हे बघणाऱ्या प्रत्येकाचे होतात. मी त्यांना सांगितलं की काही नासलेलं नाही, ते तसंच वागतं. त्या कपाळावर हात मारून हसल्या आणि त्यांचा तो आवाज मला पहिल्यांदाच पुरा ऐकू आला. कपाटातले पेले वाजले.

चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला. मग जे बोलल्या ते तुला जसंच्या तसं लिहिते.

"आमच्या घरी जेवायला बसलं की हे दोघं तुमच्यावरून भांडतात. ती म्हणते, आई असं म्हणाली असती. हे म्हणतात, छे, तुझी आई तसं म्हणणारच नाही, मी ओळखतो. मी मधे वाढत असते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. इतकी वर्षं झाली आमच्या लग्नाला, त्या घरात माझ्यावरून एकदाही भांडण झालेलं नाही."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मला वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. वाटलंही, पण ते नंतर, त्या गेल्यावर. आधी जे वाटलं ते तू ओळखशील. तू रोज जेवताना माझं नाव काढतेस.

मी त्यांना विचारलं, तुम्ही हे का आणलंत, तुमचा काय फायदा. त्या म्हणाल्या, "तिने पोहणं सोडलंय. धुते, परत धुते, परत मोजते. रात्री ताट तसंच. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं केलं. हे तुमच्या हातात आहे." आणि दारात चप्पल घालताना, "कान मी बघून घेतलाय तिचा. डॉक्टरांकडे नेऊन बोळे करून घेतलेत मापाचे. तुम्हाला काळजी असेल म्हणून सांगितलं."

म्हणजे माझी पत्रं तू त्यांना वाचून दाखवतेस. निदान कानाचं तरी.

बाटल्या उद्या उघडते.

आई


११ फेब्रुवारी

खारू,

आकडे वेगळ्या पाकिटातून, सगळे आलेख जोडून पाठवलेत. इथे साध्या भाषेत लिहिते.

तुझी दोन्ही जेल तू पाठवलीस तेव्हाच स्वच्छ होती. तरी मी पुन्हा धुतली, दोन्ही सारखी, धुतलेलं पाणी थेंबावर साध्या पाण्यासारखं वागेपर्यंत. मग मोजली. परिषदेत तू दाखवलेला फरक अर्धा धुऊन गेला. त्या दिवशी मी खुशीत घरी आले, हेही लिहून टाकते. बाजारातून फुलं आणली. माझा प्रश्न बरोबर ठरला होता.

पण अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी राहिला, नव्या सुईवर राहिला, आमच्या कनिष्ठ सहकारी बाईंनी मला न सांगता बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलून मोजला तरी राहिला. थंड पाण्यात चांदीचं जेल रेंगाळतंच. पाणी कोमट केलं, दोन्ही आकसली, की फरक नाहीसा होतो. मळ असता तर असा ऊन बघून पळाला नसता. तुझ्या बाजूने हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि तो तुझ्याकडे नव्हता. चांदी आत साखळ्यांना गाठी मारते, स्पंज ताठ होतो, कातडीवर जाऊन अंग सैल सोडायला त्याला वेळ लागतो. माझं म्हणणं साध्या जेलपुरतं खरं होतं, मी ते सगळ्यांना लावलं.

आता खरं सांगायचं ते. हाच थेंब माझ्यासमोर वर्षानुवर्षं लटकत होता. माझ्याकडेही चांदी होती, सुई होती, कॅमेरा होता. मी बघितलं नाही कारण मला माहीत होतं काय दिसणार ते. तुला दिसलं. प्रयोगशाळेतून बाहेर आले तेव्हा मला तुझा इतका हेवा वाटला की जिन्यात थांबावं लागलं. आईला मुलीचा अभिमान वाटावा. वाटतो. पण तो मागून आला, आणि आधी जे आलं ते घेऊन मी जिन्यात उभी होते. तुझ्या बाबांचा हेवा, त्या बाईंचा हेवा, त्यापेक्षा हा बरा होता, एवढंच म्हणेन.

आकडे तुझे आहेत. हवे तसे वापर. माझं नाव घालायचंच असा माझा आग्रह नाही.

तू फोन कर. मी परिषदेतल्या बोलण्याबद्दल पत्रात काही लिहिणार नाही, तोंडाने सांगेन.

आई


२ एप्रिल

नमस्कार.

सप्रेम लिहिणार होते, पण तुम्ही ओळखून हसला असतात.

खारू काल दुपारी पोचली. आठवडाभर राहणार आहे. वाळली आहे, पण रंग सुधारलाय, पोहणं पुन्हा सुरू केलं असं म्हणाली. आल्या आल्या तिने नवा पडदा काढून टाकला.

लेख छापायला स्वीकारला गेला, हे तुमच्याकडे कळलंच असेल. नावांवरून तुमच्या घरी दोन दिवस वाद चालला होता असं ऐकलं. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं, शेवटचं तिच्या बाबांचं. शेवटची जागा मानाची समजतात, तेव्हा त्यांनी कुरकुर करायचं कारण नाही. आभारात तुमचा उल्लेख आहे. ते वाक्य मी लिहिलं. नमुने सुरक्षित पोचवल्याबद्दल, असं. खारूला त्यात आणखी काही घालायचं होतं, पण शास्त्रीय लेखात तेवढंच बसतं.

त्या परिषदेबद्दल मी तिच्याशी बोलले. काय बोलले ते तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. ती म्हणाली, "आई, प्रश्न बरोबरच होता गं." मी म्हटलं, माहीत आहे, पण मी तो बरोबर होता म्हणून विचारला नव्हता. उठून तिने माझ्या पानात पुन्हा वाढलं. हे असं न बोलता वाढणं ती आमच्याकडे शिकलेली नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. काल संध्याकाळी तिचा फोन बंद पडला आणि तिने माझा मागितला. तुमचा नंबर, तुम्ही आला होतात तेव्हापासून, माझ्याकडे आहे. मीच लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले. मी कपबशा विसळत होते. त्या आधीच विसळलेल्या होत्या.

तुम्ही दोघी पाऊण तास बोललात. माझ्याशी ती आल्यापासून पुष्कळ बोलली आहे, जेलबद्दल, नोकरीबद्दल, तिच्या बाबांच्या गुडघ्याबद्दल. तक्रार नाही. पण तुमच्याशी बोलताना ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि मधेच अशी हसायला लागली की तिला श्वास घेता येईना, डोळ्यांतून पाणी आलं, फोन कानापासून लांब धरून ती नुसती हात हलवत राहिली. या घरात मी तिला तसं हसताना फार दिवसांत ऐकलेलं नाही. मी हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही गं आई, तिकडचंच काहीतरी."

तुम्ही तिला काय सांगितलंत, ते मला कळवा. सविस्तर लिहा.